स्त्रीबीज कधी सुटतं, टेस्ट कधी करायची: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

बाळाचा विचार सुरू झाला की बहुतेक जोडप्यांना कुणी ना कुणी एकच सूत्र सांगतं: पाळी आल्यापासून चौदाव्या दिवशी प्रयत्न करा. मैत्रीण सांगते, जाऊबाई सांगते, मोबाइलमधलं ॲपही तेच सांगतं. जिची पाळी बरोबर २८ दिवसांनी येते तिच्यापुरतं हे बऱ्यापैकी जुळतं. पण पुष्कळ जणींची पाळी ३०, ३२, ३५ दिवसांनी येते, काहींची पंचविसाव्या दिवशीच येते, आणि एकाच बाईचीही दर महिन्याला दोन-चार दिवस मागेपुढे होते. अशा बायका चौदावा दिवस धरून बसतात आणि नेमके कामाचे दिवस हातचे निघून जातात. मग ‘आपल्यातच काही कमी आहे का’ ही काळजी पोखरायला लागते. सगळं ठीक असूनही केवळ मोजणी चुकल्यामुळे मनस्ताप सोसणारी जोडपी मी स्त्रीरोग ओपीडीत समुपदेशन करताना सतत पाहते. म्हणून इथे सगळं पहिल्यापासून, क्रमाने सांगते आहे.

आधी शरीरात काय घडतं ते

चक्र मोजायचं ते पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो. आदल्या दिवशी नुसते तपकिरी डाग दिसले असतील तर तो दिवस धरायचा नाही.

चक्राच्या पहिल्या भागात बीजकोशामध्ये पाण्याने भरलेली एक छोटी पिशवी वाढत जाते. तिला फॉलिकल म्हणतात. स्त्रीबीज तिच्या आत असतं. पिशवी पुरेशी मोठी झाली की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच नावाचं हार्मोन एकदम वाढतं, आणि त्यानंतर साधारण २४ ते ३६ तासांत पिशवी फुटून बीज बाहेर पडतं, गर्भनलिकेत शिरतं. हेच ओव्ह्युलेशन. सोनोग्राफीवाले डॉक्टर ‘अंडं फुटलं’ म्हणतात ते हेच. फुटलेल्या पिशवीच्या जागी मग प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन तयार व्हायला लागतं आणि गर्भाशयाचं अस्तर बाळासाठी तयार होतं. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि पाळी येते.

बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेक बायकांमध्ये १२ ते १४ दिवसांचा असतो आणि तो फारसा बदलत नाही. बदलतो तो पहिला भाग. ताप, ताण, लांबचा प्रवास, रात्रपाळी, वजनातली चढउतार, यांमुळे बीज तयार व्हायलाच उशीर होतो. पाळी ‘लांबली’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा बीजच उशिरा सुटलेलं असतं. जपानमधले डॉ. ओगिनो आणि ऑस्ट्रियातले डॉ. क्नाउस या दोघांनी १९२० च्या दशकात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे शोधलं: बीज सुटण्याचा दिवस पुढच्या पाळीपासून मागे मोजावा लागतो. शंभर वर्षं होत आली, तरी आपण अजून पुढूनच मोजतो.

आणखी दोन आकडे लक्षात ठेवा. सुटलेलं स्त्रीबीज १२ ते २४ तासच जगतं. शुक्राणू मात्र बाईच्या शरीरात, योग्य वेळ असेल तर, पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणजे शुक्राणू आधी पोहोचून वाट पाहत असतील तर जमतं. बीज सुटून गेल्यावर धावपळ केली तर बहुधा उशीर झालेला असतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामध्ये २२१ बायकांवर झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे स्पष्ट दिसलं. त्यातल्या सगळ्या गर्भधारणा बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, अशा सहा दिवसांतल्या संबंधांतूनच झालेल्या होत्या. त्यातही शेवटचे दोन-तीन दिवस सर्वांत चांगले.

पायरी पहिली: तारखा लिहा आणि मागून मोजा

किमान तीन-चार पाळ्यांच्या तारखा हव्यात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळ्यांच्या नजरेसमोर खूण नको वाटत असेल तर पर्समधल्या छोट्या वहीत लिहा, मोबाइलमध्ये लिहा, पण लिहा. ‘साधारण महिन्याने येते’ या आठवणीवर काही उभं राहत नाही.

समजा तारखा अशा आल्या: ३ जानेवारी, २ फेब्रुवारी, २ मार्च, ४ एप्रिल. फेब्रुवारी २८ दिवसांचा धरला तर चक्रं झाली ३०, २८ आणि ३३ दिवसांची. आता प्रत्येक पाळीपासून १४ दिवस मागे जा. २ फेब्रुवारीच्या मागे १९ जानेवारी येते, तो त्या चक्राचा सतरावा दिवस. २ मार्चच्या मागे १६ फेब्रुवारी, म्हणजे पंधरावा दिवस. ४ एप्रिलच्या मागे २१ मार्च, म्हणजे विसावा. बाई एकच, पाळी तशी ‘नियमित’च म्हणायची, आणि तरी बीज सुटण्याचा दिवस पंधराव्यापासून विसाव्यापर्यंत फिरला.

आता ४ एप्रिलला सुरू झालेल्या चक्राचा अंदाज. पंधरावा ते विसावा दिवस म्हणजे १८ ते २३ एप्रिल. शुक्राणू पाच दिवस टिकतात म्हणून सुरुवात पाच दिवस आधी, १३ एप्रिलपासून. १३ ते २३ एप्रिल या काळात दिवसाआड संबंध आले तर तो महिना वाया गेला असं म्हणता येणार नाही. नुसत्या चौदाव्या दिवसावर, म्हणजे १७ एप्रिलवर भिस्त ठेवली असती आणि बीज २३ ला सुटलं असतं, तर हातात काहीच नव्हतं.

ॲपसुद्धा हीच सरासरी काढतं. त्यावर दिसणारा रंगीत ठिपका हा अंदाज असतो, तुमच्या बीजकोशात त्याला काही दिसत नाही.

एक गोष्ट आपल्याकडे फार घडते, ती इथेच सांगायला हवी. गौरी-गणपती, घरातलं लग्न, सत्यनारायण, काही असलं की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या जातात. त्या महिन्याची तारीख या हिशोबात धरू नका, ती गोळ्यांनी आणलेली तारीख आहे. आणि बाळासाठी प्रयत्न चालू असताना अशी गोळी स्वतःच्या मनाने दुकानातून आणून घेऊ नका. गर्भ राहिलेला असू शकतो, आणि गोळीमुळे पाळी थांबली की गर्भामुळे हे त्या घाईत कुणालाच कळत नाही.

चक्र २१ दिवसांपेक्षा लहान किंवा ३५ दिवसांपेक्षा मोठं असेल, दोन-तीन महिने पाळीच येत नसेल, तर ही मोजणी तुमच्या उपयोगाची नाही. पीसीओडी (बीज नियमितपणे न सुटण्याचा हार्मोनचा विकार), थायरॉइड, वाढलेलं प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) अशी कारणं तपासून घ्यायला सरळ डॉक्टरांकडे जा.

पायरी दुसरी: अंगावरून जाणारं पाणी ओळखायला शिका

सर्वांत भरवशाची आणि फुकटची खूण ही आहे, आणि आपल्याकडे तिच्याबद्दलच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ‘अंगावरून पांढरं जातं’ म्हटलं की ते दुखणंच, अशी पक्की समजूत असते. महिन्यातल्या ठराविक चार दिवसांत पारदर्शक चिकट पाणी जातं म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या घेतलेल्या बायका मला भेटल्या आहेत. ते दुखणं नव्हतं. बीज सुटायची वेळ जवळ आली आहे असं त्यांचं शरीर त्यांना दर महिन्याला सांगत होतं.

पाळी संपल्यावर काही दिवस योनीमार्ग कोरडा वाटतो. मग थोडा पांढरट, चिकट, फाटणारा स्राव येतो. बीज सुटायची वेळ जवळ येते तसं इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढतं आणि स्राव पातळ, ओला, निसरडा, अंड्याच्या कच्च्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक होतो. लघवीला गेल्यावर पुसताना हात सहज घसरतो, अंतर्वस्त्राला ओलसरपणा जाणवतो. हात स्वच्छ धुऊन तो स्राव अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरा आणि बोटं हळूहळू लांब करा. न तुटता इंचभर किंवा त्याहून जास्त तार निघाली तर ते दिवस चालू आहेत. शुक्राणूंना आत शिरायला आणि टिकायला हाच स्राव मदत करतो. ऑस्ट्रेलियातल्या जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्याने १९५० च्या दशकापासून या खुणेवर काम करून ती सामान्य बायकांना शिकवली.

असा निसरडा स्राव ज्या दिवशी शेवटचा दिसतो, त्याच्या आगेमागे दिवसभरात बहुधा बीज सुटतं. दुसऱ्याच दिवशी स्राव पुन्हा घट्ट होतो किंवा कोरडं वाटतं. म्हणून निसरडेपणा दिसायला लागला की थांबून राहायचं नाही, तेच दिवस कामाचे.

नोंद करायला मोठं काही लागत नाही. वहीत तारखेपुढे ‘कोरडं’, ‘चिकट’, ‘तार’ असा एकेक शब्द पुरतो. संबंधांनंतर लगेच पाहिलं तर वीर्यामुळे फसगत होते, म्हणून दिवसा, दुसऱ्या कामासाठी गेल्यावर सहज पाहावं.

खाज, आग, दुर्गंधी, दह्यासारखे गोळे, हिरवट-पिवळा रंग यांपैकी काही असेल तर मात्र तो संसर्ग. त्यावर उपचार घ्यायचे, आणि नवऱ्यालाही घ्यावे लागतील का ते डॉक्टरांना विचारायचं.

काही जणींना त्या दिवसांत ओटीपोटात एका बाजूला कळ येते किंवा जडपणा वाटतो. सगळ्यांना येत नाही, आली नाही म्हणून काही बिघडलेलं नसतं.

तापमान लिहिण्याची पद्धतही आहे. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी रोज ठरलेल्या वेळी मोजायचं. बीज सुटल्यावर ते अर्ध्या डिग्री फॅरनहाइटच्या आसपास वाढतं आणि पाळीपर्यंत वरच राहतं. पण ही वाढ बीज सुटल्यानंतर दिसते, त्या महिन्यापुरता तिचा उपयोग नाही. पहाटे डबा करायला उठणाऱ्या, मुलामुळे रात्रीत तीनदा जागणाऱ्या बाईला हे जमतही नाही. मी कुणाला आग्रह करत नाही.

पायरी तिसरी: एलएच किट, पण वेळेवर

औषधाच्या दुकानात ओव्ह्युलेशन किट मिळतं. प्रेग्नन्सी किटसारखंच दिसतं म्हणून घेताना नाव वाचून घ्या, दुकानदाराकडून अदलाबदल होते. लघवीत एलएच वाढलं आहे का ते यात कळतं.

सुरुवात कधी करायची? तुमच्या सर्वांत लहान चक्रातून १७ वजा करा. वरच्या उदाहरणात २८ वजा १७, म्हणजे अकरावा दिवस, १४ एप्रिल. तिथून रोज एक पट्टी, रोज साधारण एकाच वेळी. दुपारी किंवा संध्याकाळी केलेली चालते. आधी दोन तास भरपूर पाणी पिऊ नका, लघवी पातळ झाली की रेघ फिकी येते.

वाचताना बऱ्याच जणी इथेच चुकतात. प्रेग्नन्सी किटमध्ये फिकी रेघही ‘हो’ असते. इथे तसं नसतं. टेस्टची (‘टी’ची) रेघ कंट्रोलच्या, म्हणजे किट चालू असल्याचं दाखवणाऱ्या ‘सी’च्या रेघेइतकी किंवा तिच्यापेक्षा गडद आली तरच एलएच वाढलं असं धरायचं. फिकी रेघ म्हणजे अजून वेळ आहे. गडद आली की तो दिवस आणि दुसरा दिवस सोडू नका.

पीसीओडी असलेल्यांमध्ये एलएच मुळातच जास्त असू शकतं, त्यामुळे किट दिवसेंदिवस गडद दाखवत राहतं. त्यांनी किटवर पैसे घालवण्यापेक्षा डॉक्टर सांगतील तेव्हा फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे दर एक-दोन दिवसांनी सोनोग्राफी करून पिशवीची वाढ पाहणं, हे करून घ्यावं.

तारखांचं ओझं

हे सगळं कळल्यावर घरात नवीन ताण सुरू होतो. ‘आज तारीख आहे’ असं ऑफिसमध्ये फोन करून सांगितलं जातं, नवऱ्याला ते परीक्षेसारखं वाटतं, आणि ऐन दिवशी भांडण होतं. असं होत असेल तर तारीख बाजूला ठेवा आणि पाळी संपल्यावर दर दोन-तीन दिवसांनी जवळ या, महिनाभर. सहा दिवसांची खिडकी त्यात आपोआप सापडते. संबंधांनंतर पाय भिंतीला लावून पडून राहायची गरज नाही. थोडं वीर्य बाहेर येतंच, त्याने काही नुकसान होत नाही. बाजारातली काही वंगण जेल आणि थुंकी शुक्राणूंना अपाय करतात, ती टाळा.

सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी, अमुक वेळी जवळ आलं की मुलगा, हे सगळं सोडून द्या. बाळाचं लिंग पुरुषाच्या शुक्राणूत एक्स गुणसूत्र आहे की वाय यावर ठरतं, आणि संबंधांच्या दिवसाशी त्याचा काही मेळ वर सांगितलेल्या अभ्यासातही सापडला नाही. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांत हे मोठ्याने वाचून दाखवलं जावं असं मला मनापासून वाटतं.

प्रयत्न सुरू करण्याआधी, निदान महिनाभर आधी, रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करा. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत बंद होते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे होतात तोवर. टेस्ट आल्यावर गोळी सुरू केली तर तो काळ बराचसा निघून गेलेला असतो. दुकानात ५ मिलिग्रॅमची गोळीही सर्रास मिळते. तो मोठा डोस मधुमेह, फिट्सची औषधं, आधीच्या बाळाला मणक्याचा दोष अशा कारणांसाठी डॉक्टर देतात. मिश्री लावत असाल तर तीही तंबाखूच आहे, आजच बंद करा. नवऱ्याची सिगारेट, गुटखा, दारू यांचाही शुक्राणूंवर परिणाम होतो.

पायरी चौथी: मधले दोन आठवडे

बीज आणि शुक्राणू यांचा संयोग नळीत होतो. तिथून गर्भ सरकत गर्भाशयात येतो आणि बीज सुटल्यापासून बहुतेक वेळा ८ ते १० दिवसांनी अस्तरात रुजतो. रुजल्याशिवाय एचसीजी हे गर्भाचं हार्मोन आईच्या रक्तात येत नाही. त्यामुळे संबंधांनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ‘मळमळतंय, राहिलं वाटतं’ असं वाटलं तरी ते गर्भामुळे असू शकत नाही.

या दोन आठवड्यांत छाती जड होते, स्तन दुखतात, थकवा येतो, पोट फुगतं, चिडचिड होते. हे सगळं प्रोजेस्टेरॉनचं काम, आणि प्रोजेस्टेरॉन गर्भ राहो न राहो, बीज सुटलं की वाढतंच. म्हणून पाळी यायच्या आधीची लक्षणं आणि दिवस राहिल्याची पहिली लक्षणं जवळजवळ सारखीच असतात. दर महिन्याला इंटरनेटवर लक्षणं शोधत रात्री जागवणाऱ्या मुलींना मी हेच सांगते: या दिवसांत कुठलंही लक्षण हो किंवा नाही सांगू शकत नाही, आणि लक्षण नसणं ही वाईट बातमी नाही. डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या असतील तर ही लक्षणं आणखी वाढतात, पाळीही गोळ्यांमुळे लांबते.

खरी पहिली खूण म्हणजे पाळी चुकणं. पाळीच्या सुमारास किंवा थोडं आधी काही जणींना गुलाबी किंवा तपकिरी डाग दिसतात, एक-दोन दिवसांत थांबतात. नेहमीच्या पाळीपेक्षा स्राव फारच कमी, वेगळा वाटला तर तिला पाळी धरून मोकळं होऊ नका, टेस्ट करा. पाळी चुकल्यानंतरच्या आठवडा-दोन आठवड्यांत बाकीची लक्षणं उमटतात. फोडणीचा, चहाचा, अत्तराचा वास सहन होत नाही, सारखी लघवीला जावं लागतं, दुपारी डोळे मिटतात, बद्धकोष्ठ होतं. मळमळ आणि उलट्या बहुधा सहाव्या आठवड्याच्या सुमारास जोर धरतात आणि पुष्कळ जणींच्या तीन-चार महिन्यांत कमी होतात. काहींना उलटीचा लवलेशही नसतो आणि बाळ ठणठणीत असतं.

पायरी पाचवी: टेस्ट

पाळीची तारीख उलटली की टेस्ट करा. वरच्या उदाहरणात बीज २० एप्रिलला सुटलं असेल तर पाळी ४ मेच्या सुमारास यायला हवी. ५ मेच्या सकाळची टेस्ट बऱ्यापैकी खरं सांगेल. २८ एप्रिलला केली तर गर्भ राहिला असूनही ‘नाही’ येईल, कारण एचसीजी तेव्हा नुकतं तयार व्हायला लागलेलं असतं. सुरुवातीला ते साधारण दोन दिवसांत दुप्पट होतं, म्हणून दोन-तीन दिवसांची वाट फार मोठा फरक करते.

औषधाच्या दुकानात किट मिळतंच. खेड्यात आणि वस्त्यांमध्ये आशाताईंकडे सरकारचं ‘निश्चय’ कार्ड फुकट मिळतं. त्यासाठी दुकानात चारचौघांत मागायचा संकोच नको. सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या वाटीत घ्या, साबणाचा अंश राहिलेला नको. पाकीट आयत्या वेळी फोडा. ड्रॉपरने गोल खाचेत दोन थेंब टाका, कार्ड सपाट जागी ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. ‘सी’पाशी एकच रेघ म्हणजे नाही. ‘सी’ आणि ‘टी’ दोन्हीकडे रेघा म्हणजे दिवस राहिले आहेत, ‘टी’ची रेघ फिकी असली तरी. ‘सी’पाशी रेघच आली नाही तर कार्ड खराब आहे, नवीन घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सूचना थोड्या वेगळ्या असतात, पाकिटावरच्या पाळा.

कार्ड टाकून दिल्यावर तासाभराने पुन्हा कचऱ्यातून काढून पाहू नका. वाळताना राखाडी सावली उमटते, तिच्यामुळे उगाच आशा लागते.

‘नाही’ आलं आणि पाळीही आली नाही तर तीन-चार दिवसांनी पुन्हा करा, आठवड्याने पुन्हा. तरीही काही नाही तर डॉक्टरांना दाखवा. ‘पाळी आणायच्या’ गोळ्या परस्पर घेऊ नका. पाळी अनियमित असलेल्यांनी शेवटच्या संबंधांनंतर तीन आठवड्यांनी केलेली टेस्ट ग्राह्य धरावी. बीज सुटण्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्याचाच अंश लघवीत दहा-बारा दिवस राहू शकतो आणि खोटी ‘हो’ येऊ शकते. अशांनी डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच टेस्ट करावी.

आधी फिकी रेघ आली आणि चार-पाच दिवसांत पाळीसारखा रक्तस्राव झाला, असंही घडतं. गर्भ रुजून लगेच थांबलेला असतो. तुम्ही जिने चढलात, गाडीवर बसलात, पपई खाल्लीत म्हणून ते झालेलं नसतं. बहुधा गर्भाच्या गुणसूत्रांतच जुळणी बिघडलेली असते. घरात कुणी दोष देत असेल तर हे त्यांना ठामपणे सांगा.

किती महिने वाट पाहायची

तरुण, निरोगी जोडप्यालाही, दिवस बरोबर साधूनही, एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण २० ते २५ टक्के असते. वर्षभरात शंभरातल्या ऐंशीहून अधिक जोडप्यांना यश येतं. म्हणून वय ३५ च्या आत असेल तर एक वर्ष, ३५ च्या पुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करून मग तपासणी. चाळिशी जवळ असेल, पाळी अनियमित असेल, पाळीत असह्य दुखत असेल, पूर्वी टीबी झाला असेल किंवा पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली असेल तर तेवढंही थांबू नका. टीबी आपल्याकडे नळ्या बंद होण्याचं एक मोठं कारण आहे.

आणि तपासणी दोघांची. वीर्यतपासणी स्वस्त आहे, दुखत नाही. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, एवढंच. तरी कित्येक घरांत बाईची नळ्यांची तपासणी, दुर्बीण, महिन्या-महिन्याच्या सोनोग्राफी होऊन जातात आणि नवरा एकदाही लॅबमध्ये गेलेला नसतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीला सापडतं. पहिल्याच भेटीत ही तपासणी लिहून मागा.

टेस्ट ‘हो’ आल्यावर

गर्भारपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे पाळी चुकली त्याच दिवशी डॉक्टर ‘चार आठवडे झाले’ म्हणतात. घाबरू नका, मोजणीच तशी आहे. बाळंतपणाची अंदाजे तारीख म्हणजे त्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवायचे. चक्र लांब असेल तर बीज उशिरा सुटलेलं असतं, म्हणून बाळही थोडं लहान दिसतं. तुमच्या वहीतल्या नोंदी डॉक्टरांना दाखवा, पहिल्या सोनोग्राफीवरून तारीख दुरुस्त होते.

पहिली सोनोग्राफी बहुधा सहा-सात आठवड्यांनंतर. त्याआधी ठोके दिसत नाहीत म्हणून उगाच घाई करू नये. आशाताई किंवा एएनएम सिस्टरकडे १२ आठवड्यांच्या आत नोंदणी करा, माता बाल संरक्षण कार्ड घ्या, पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळण्यास पात्र आहात का ते विचारा. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, कावीळ बी यांच्या तपासण्या पहिल्याच भेटीत होतात. विदर्भ, नंदुरबार, पालघर भागातल्या जोडप्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी आवर्जून करावी. चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाची, फिटची, थायरॉइडची औषधं स्वतःहून बंद करू नका.

टेस्ट ‘हो’ आलेली आहे आणि ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ येते, खांद्याच्या टोकाला दुखतं, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येते, रक्तस्राव होतो, यांपैकी काहीही झालं तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. नळी फुटली तर जिवावर बेततं. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका. ज्या रुग्णालयात सोनोग्राफी आणि शस्त्रक्रियेची सोय आहे तिथे जा, १०८ ला फोन करा, आणि पोहोचल्याबरोबर दोन गोष्टी सांगा: शेवटच्या पाळीची तारीख, आणि टेस्ट कुठल्या दिवशी आली.